भोंग्यातले भावजी

फेब्रुवारी लागला, द्राक्षांच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं, आणि भोरड्यांचा पहिला थवा वरच्या बागेवर घिरट्या घालून गेला. त्याच दिवशी आत्याबाईंनी देवघराच्या कोपऱ्यातून भोंगा काढला.

सीझन नसतो तेव्हा तो तिथंच चार्जिंगला लावलेला असतो. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तो ओल्या फडक्यानं पुसला, तोंडाच्या जाळीतली धूळ काडीनं काढली आणि ज्ञानेशच्या हातात दिला. ज्ञानेश माझा नवरा. तो विहिरीकडच्या खांबाला शिडी लावून चढला, भोंगा तारेनं आवळला, बटण दाबलं. तो खाली उतरायच्या आत आवाज सुरू झाला होता.

"हाऽ हाऽ हाऽ… हुर्र्र्र… होऽऽ हाऽ." मग खोकल्याची एक उबळ. मागून गेलेल्या मोटारसायकलचा आवाज. आणि तोंड बाजूला वळवून म्हटल्यासारखं, "आलो आई." मग खट्‌. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून.

हा आवाज माझ्या दिरांचा. हर्षलभावजींचा. मी या घरात लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी ते विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. मी त्यांना फोटोतच पाहिलंय. भोंगा त्यांनीच आणला होता, पाखरं उठवायला. त्यात आवाज भरत उभे होते तेव्हा आत्याबाईंनी जेवायला हाक मारली, बटण सोडायच्या आत त्यांनी ओ दिली, आणि ती ओ आत गेली. त्या दिवशी ते घरी आले, जेवले, पुढं एक सीझनही त्यांनी बघितला. भोंग्यात मात्र ते अजून येतातच आहेत.

बॅटरी काढली की भरलेला आवाज जातो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बॅटरी दोनदा बदलली तेव्हा ज्ञानेशनं आधी दुसरी बॅटरी जोडून घेतली आणि मगच जुनी सोडवली. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. 

आणि आत्याबाईंची एक सवय. ओट्यावर बसून लसूण सोलत असोत, नाहीतर म्हशीला वैरण टाकत असोत, तिकडून "आलो आई" आलं की त्या ओठातल्या ओठात म्हणायच्या, "ये." दिवसभर. त्यांच्या त्यांनाही ते कळत नसावं. लग्न झाल्यावर पहिल्या सीझनला मला रात्री झोप यायची नाही. पुढं सवय झाली. पेठहून येणाऱ्या मजुरांना मात्र झाली नाही. जेवायच्या सुट्टीत ते विहिरीकडच्या सावलीत बसायचे नाहीत. त्यांच्यातली अंबूबाई मला एकदा म्हणाली होती, "ताई, तो माणूस लय वरसं येतोच म्हनतो. कोनी घेऊन का नाय येत त्याला?"

समर्थ माझा मुलगा. या जूनमध्ये आठ पुरे होतील. पोटात होता तेव्हापासून तो हा आवाज ऐकत आलाय.

समर्थचं शाळेत बरं चाललं नव्हतं. वही कोरी. प्रश्न विचारला की खिडकीकडं बघतो. आणि वर्गात आवाज काढतो. हीच मोठी तक्रार होती. कधी कुकरची शिट्टी, कधी चालू न होणारा ट्रॅक्टर, कधी मुख्याध्यापकांची चप्पल. पोरं हसतात आणि वर्ग बिघडतो. दिवाळीनंतर त्याच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाल्या, की डोक्यानं जरा मागं आहे, पुढच्या वर्षी याच वर्गात राहू द्या. मी बी.एस्सी. केलंय. मला त्या बाईंशी वाद घालता आला असता. मी ओढणी सारखी करत "बरं" म्हणाले आणि गाडीवर बसून रस्ताभर रडले.

घरी कुणी तसं मनाला लावून घेतलं नाही. ज्ञानेश म्हणाला, मीपण दहावीला दोनदा बसलो, बाग काय अडली का. आत्याबाई म्हणाल्या, पोरगं शांत हे, चांगलंय की. पण मला ठाऊक होतं, याच्या आत काहीतरी आहे. काय ते सांगता येत नव्हतं. फक्त त्याला आवाज काढायची मी बंदी केली होती. तोंडातून शिट्टी निघाली की मांडीला चिमटा.

मग नाशिकहून पल्लवीचा फोन आला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण. तिकडची एक संस्था हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग चालवते, खेड्यातल्या मुलांना जागा ठेवलेल्या आहेत, राहण्याची सोय आहे. परीक्षा नाही. मुलाच्या कामाचा पोर्टफोलिओ पाठवायचा, तोच बघून ते बोलावतात.

"तुझा समर्थ काय करतो ते दाखव फक्त," पल्लवी म्हणाली. "चित्रं, मॉडेल, काहीही. व्हिडिओ हवाच. त्यात मोठ्या माणसाचा आवाज नको, नाहीतर बाद करतात. आई शिकवते आणि पोरगं बोलतं, असले हजार येतात त्यांच्याकडं."

मी कसंबसं हसले.

पिंपळगावहून मी प्लास्टिकची पारदर्शक फाईल आणली. समर्थची चित्रं गोळा केली. खरं तर चित्रं अशी नव्हतीच, रेघोट्या होत्या. त्यातल्या द्राक्षांच्या एका घडाला मीच जांभळा रंग भरला, कडेनं काळी रेघ मारली. त्यानं पेनच्या रिकाम्या कांड्यांचं ठिबक करायला घेतलं होतं. ते अर्धं पडलं होतं. मी रात्री फेविक्विकनं कांड्या चिकटवल्या, बोटाची कातडी सोलून निघाली. सकाळी त्यानं ते मॉडेल पाहिलं. हात मागं बांधून आजीजवळ जाऊन बसला.

व्हिडिओसाठी मी त्याच्याकडून चार ओळी पाठ करून घेतल्या. माझं नाव समर्थ, मी ठिबकचं मॉडेल केलं आहे, पाण्याची बचत कशी होते ते मी सांगतो.

दिवसभर घडांना कागद लावायचं काम चालू होतं. मांडवाखाली मान वर करून, हात वर धरून, एकेका घडाभोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं आणि पिन मारायची. दुपारपर्यंत खांदे दगड होतात. पानांवरची पांढरी भुकटी डोळ्यात जाते. तासाभराची सुट्टी झाली की मी भाकरी तशीच ठेवून समर्थला मांडवाखाली उभा करायची, क्रेटवर क्रेट ठेवून मोबाईल टेकवायची. तो दोन शब्द बोलायचा आणि मागून यायचं, "हाऽ हाऽ हाऽ." बोलणं थांबवून तो ऐकत राहायचा. खोकला, मोटारसायकल, आलो आई. मग पुढचा शब्द विसरायचा.

घरामागं केलं, गोठ्यात केलं, खोलीत दार लावून केलं. सगळीकडं भावजी होतेच. मोबाईलमध्ये सगळे व्हिडिओ तसे साठले. समर्थ बोलतोय आणि त्याच्या डोक्यामागून कुणीतरी मोठा माणूस ओरडतोय. तिकडच्या लोकांना काय सांगणार, हा आवाज शिकवणाऱ्याचा नाही, मेलेल्या माणसाचा आहे म्हणून?

मी आत्याबाईंना म्हटलं, एक तास बंद करू या का. त्या वाल सोलत होत्या. हात थांबला नाही.

"पाखरं थांबत्याल का तुझ्या शूटिंगसाठी?"

"मी ताट वाजवत उभी राहते तेवढा वेळ."

"नको. चालू हे ते चालू राहू दे." आणि मग जरा वेळानं, "तुला त्याचा तरास होतो का गं?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अर्ज भरायची मुदत संपत आली तेव्हा भावकीत कुणाचंतरी दहावं निघालं. आत्याबाई सकाळीच आवरून गेल्या. ज्ञानेश व्यापाऱ्याकडं. दुपारच्या सुट्टीत मजूर पलीकडच्या बांधावर जेवायला बसले, तशी मी शिडी उचलली.

खांबावर चढले तेव्हा आवाज थेट तोंडावर येत होता. एवढ्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. खोकल्याआधी ते श्वास घेतात, तोही ऐकू आला. भोंग्याच्या पाठीवर बाजूबाजूला दोन बटणं होती. ऊनपावसानं दोन्हींचा रंग गेलेला. मी एक दाबलं. "हाऽ हा" वर आवाज तुटला.

बाग एकदम मोकळी झाली. कानात घूं करायला लागलं. पुन्हा सुरू होईल या भीतीनं मी बटण तसंच दाबून धरलं आणि खाली समर्थला सांगत राहिले. तो वर बघत होता, तोंड उघडं. मग बटण सोडलं, शेजारचंही फिरवून बंद केलं आणि उतरले.

समर्थ बोलेना. सारखा खांबाकडं बघत होता. मी दंडाला धरून त्याचं तोंड मोबाईलकडं वळवलं. त्याचा दंड गार होता. शेवटी तो बोलला. चारही ओळी, एकही शब्द न चुकता, स्टेशनवर गाडीची सूचना देतात तसा. अर्ध्यातच मोबाईलनं जागा संपल्याचं सांगितलं. मी आधीचे सगळे व्हिडिओ खूण करून काढून टाकले, मोबाईलमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. स्वच्छ झालं. मागं फक्त पानांची सळसळ. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याची पापी घेतली.

शिडीवर चढून भोंगा चालू केला आणि पाऊल खालच्या पायरीवर टाकलं.

"हं समर्थ, नीट बोल आता. काल पाठ केलंय ना, तसंच. मम्मीकडं बघू नको. मोबाईलकडं बघायचं. हसायचं जरा. घाबरतोस काय, मी आहे ना. बोल." खट्‌.

मी शिडीला धरून उभी राहिले. थोडा वेळ शांतता. मग परत. "हं समर्थ, नीट बोल आता."

माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. वरून साखर, आतून दात ओठ खाल्लेले. तो आमच्या बागेवरून, शेजारच्यांच्या बागेवरून, पार रस्त्यापर्यंत गेला. बांधावरून मजुरांचं हसू ऐकू आलं. कुणीतरी माझ्यासारखं करून दाखवलं, "हसायचं जरा," आणि पुन्हा हशा. मग अंबूबाई काहीतरी म्हणाली आणि सगळे गप्प झाले. समोरच्या तारेवर एक बुलबुल बसला होता. तो हललासुद्धा नाही.

मी चालू-बंदचं बटण फिरवून बघितलं. बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. प्रत्येक वेळी मीच बोलायला लागायचे.

आत्याबाई रिक्षातून फाट्यावर उतरल्या तेव्हा भोंगा बंद होता. घर येईपर्यंत त्यांची चाल मंदावत गेली. अंगणात येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर तसाच, हातात दहाव्याच्या घासाची पिशवी. बागेकडं बघत होत्या.

"तो कुठंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही चोरलं नाही. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मोबाईलमधी असंल ना. तू रोज घेत होती ना त्याला मोबाईलमधी."

ते मला तोवर सुचलंच नव्हतं. मी मोबाईल काढला. एक व्हिडिओ होता. स्वच्छ.

ज्ञानेशनं भोंगा पिंपळगावला नेला. दुकानदारानं उघडून बघितला, वर दुसरं भरलं की आधीचं पुसलं जातं, आता काढता येत नाही, म्हणाला. नवीन भोंगा दाखवला, त्यात कुत्र्याचा, वाघाचा आवाज भरूनच येतो. ज्ञानेश तो न घेता आला. मला एवढंच म्हणाला, "घ्या आता ताट. वराडा."

मी ओरडले. सकाळी समर्थ शाळेत गेला की ॲल्युमिनियमची परात आणि लाटणं घेऊन बागेच्या चारी बाजूंनी फिरायचं. भोरड्यांचा थवा काळ्या चादरीसारखा उतरतो. उठवला की पलीकडच्या टोकाला बसतो. तिकडं पळायचं. कागद फाडून मणी टोचलेले, रस गळतोय, त्यावर माश्या. माझा घसा पहिल्याच दिवशी बसला. तिसऱ्या दिवशी तोंडातून नुसता वारा निघत होता. मजूर तोंड फिरवून काम करायचे, पण पाठी हसतात ते कळतं.

घरात आत्याबाई कमी जेवायला लागल्या. भूक नाही म्हणायच्या. काम करता करता मध्येच थांबायच्या, मान जराशी वर, ओठ उघडायला तयार. ज्याची वाट बघायच्या ते यायचं नाही, आणि ओठ तसेच मिटायचे. मी ते बघायची आणि ताटातली भाकरी मोडत बसायची.

एका सकाळी, रविवार होता, मी खालच्या टोकाला परात वाजवत होते. वरच्या बाजूनं आवाज आला.

"हाऽ हाऽ हाऽ… हुर्र्र्र… होऽऽ हाऽ."

थवा उठला. एकदम, सगळा, पंखांचा फडफडाट करत उठला आणि रस्त्यापलीकडं गेला. माझ्या हातातलं लाटणं पडलं. मला पहिल्यांदा वाटलं, भोंग्यात कुठंतरी राहिलं होतं ते परत आलं. पण भोंगा घरात टेबलावर उघडा पडला होता.

खोकला आला. खोकल्याआधीचा श्वास आला. लांबून येऊन लांब गेलेली मोटारसायकल आली. मी ओळींमधून वाकून पळत होते, कागद तोंडावर आपटत होते. हात आपोआप मोबाईलकडं गेला. इतके दिवस सवय झाली होती ना, उचलायचा आणि चालू करायचा.

विहिरीजवळ, खांबाखाली, समर्थ उभा होता. पाय फाकवून, एक हात कमरेवर. मान पुढं काढलेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. त्या एवढ्याशा छातीतून एवढा मोठा आवाज कुठून येत होता कोण जाणे. मजूर कागदाच्या चळती हातात धरून उभे होते. अंबूबाईनं डोक्यावर पदर घेतला होता.

त्यानं तोंड बाजूला वळवलं. घराच्या बाजूला.

"आलो आई."

आणि जिभेनं खट्‌ केलं.

आत्याबाई ओळीतून अनवाणी येत होत्या. त्या धावत नव्हत्या. पीठ लागलेले हात पुढं धरलेले. खांबापासून थोड्या अंतरावर थांबल्या.

"ये," त्या म्हणाल्या.

समर्थ नेहमीसारखा चालत त्यांच्याकडं गेला आणि त्यांनी पिठाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. दोघं घराकडं गेली. माझा मोबाईल अजून चालू होता.

तो व्हिडिओ मी न्हाणीघरात उभी राहून बघितला. पुन्हा बघितला. बाईंनी ज्याला मागं आहे म्हटलं, तो माझ्या हातात होता, आणि या वेळी मी त्याला एक शब्दही शिकवला नव्हता. मी काय शोधत होते ते मला आत्ता कळत होतं, आणि ते नेमकं तेच होतं जे मी चिमटे काढून बंद केलं होतं. पण मला आनंद होत नव्हता. त्या चौकटीत उभा होता तो माझा मुलगा वाटत नव्हता. भावजींच्या फोटोत ते असेच उभे आहेत, एक हात कमरेवर. तो फोटो समर्थनं रोज पाहिलाय, हे खरं. मी स्वतःला तेच सांगत राहिले.

जेवताना ज्ञानेश म्हणाला, पोराकडून भोंग्यात भरून घेऊ, झालं गेलं मिटलं. आत्याबाईंनी समर्थच्या ताटात तुपाचा दुसरा चमचा टाकला. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "तो खांबावर जाणार नाही. भोंग्यात एक माणूस गेला तेवढं पुरे."

ज्ञानेशनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि खाली बघून भात कालवायला लागला.

फाईलमधला जांभळा घड मी काढून टाकला. कांड्यांचं मॉडेल काढलं. पाठ केलेला व्हिडिओ काढला. राहिला तो एकच. पण त्यात शेवटी मोठ्या माणसाचा आवाज होता. मी कडेची रेघ बोटानं मागं सरकवली आणि आत्याबाईंचं "ये" कापलं. मग पाठवलं.

पाठवल्यावर आत्याबाई म्हणाल्या, दाखव. ओट्यावर बसून दोन्ही हातांनी मोबाईल धरून बघितलं. संपलं तरी धरून होत्या.

"माझं कुठं गेलं?"

"काय?"

"मी म्हनले होते ना. ते कुठं गेलं?"

नियम सांगितला. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

भोंगा लावला नाही, तरी समर्थ शाळेच्या आधी आणि शाळेनंतर बागेत जायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. मी नको म्हटलं, तर मान डोलावून गेला. पाखरं त्याला ऐकत होती. आत्याबाई पुन्हा पोटभर जेवत होत्या.

संस्थेचा फोन आला तेव्हा आम्ही पहिल्या प्लॉटची तोडणी करत होतो. बोलणाऱ्या मॅडमचा आवाज गोड होता. म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला, दोनदा पाहिला. असं मूल आमच्याकडं आलेलं नाही. मी कात्री क्रेटवर ठेवली. डोळ्यांपुढं घड पुसट व्हायला लागले.

"फक्त एक आहे," त्या म्हणाल्या. "नक्कल किती तंतोतंत आहे ते आम्हाला पडताळून बघावं लागेल. तो ज्यांचा आवाज काढतो, ते घरातलेच कुणी आहेत का? त्यांना मुलाखतीला सोबत आणाल?"

मी म्हटलं, त्यांना आणता येणार नाही.

"मग त्यांचं मूळ रेकॉर्डिंग? एखादं जुनंसुद्धा चालेल."

"नाही."

"काहीच नाही?"

"होतं," मी म्हटलं. "माझ्या हातून पुसलं गेलं."

मॅडम म्हणाल्या, तो आवाज नीट ओळखणारं कुणी असेल तर आणा. त्याशिवाय समिती पुढं जायची नाही.

आत्याबाई शेडमध्ये क्रेटमधले खराब मणी कात्रीनं काढत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि सांगितलं. नाशिकला यायचं, एका खोलीत बसायचं, समर्थ आवाज काढेल, तुम्ही तो भावजींचाच आहे असं सांगायचं. एवढंच. बोलता बोलता मला कळत होतं, एवढंच नाही ते.

त्यांची कात्री चालू होती. एक मणी काढला, घड फिरवला, दुसरा काढला.

"आन मग पोरगं तिकडंच ठेवून घेत्याल."

"शनिवार-रविवार येईल घरी."

"तू माझा एक पुसला," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "आता हा पन घेऊन चालली."

मी खाकरले. घसा अजून पुरता सुटला नव्हता. त्यांनी घड उजेडाकडं धरून बघितला, क्रेटमध्ये निजवला.

"येते मी. खरं ते सांगीन. पन तो तिथं बोलला, की मी ये म्हननार. कापायचं नाय ते. बसतं का तुझ्या नियमात, ईचार त्यान्ला."

संध्याकाळी ट्रक भरून गेला. मजूर हातपाय धुवायला टाकीवर गेले. तोडलेल्या प्लॉटमध्ये मांडव एकदम हलका झाला होता, आतपर्यंत दिसत होतं, पण वरची बाग अजून दाट होती. अंधार पानांच्या आतून पडायला लागला होता. समर्थ अजून आला नव्हता. मी बांधावर जाऊन हाक मारली.

"समर्थ, जेवायला चल."

घोगरा आवाज लांब गेला नाही. पुन्हा मारली. पाखरं कधीच बसली होती. मग ओळींच्या आतून, मी रोज ऐकलेल्या त्याच उंचीवरून, तोंड बाजूला वळवून म्हटल्यासारखं आलं,

"आलो आई."

तो मला मम्मी म्हणतो. बोलायला लागला तेव्हापासून मम्मी.

मी वाट बघितली. पावलं वाजली नाहीत. पानं हलली नाहीत. तो तिथंच कुठंतरी उभा होता, मला त्याच्या शर्टाचा पांढरा तुकडा दिसत होता. मी वळून ओट्याकडं बघितलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. ऐकलं होतं त्यांनी. पण या वेळी त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्याकडं बघत होत्या.

मी पुन्हा त्याचं नाव घेतलं. पांढरा तुकडा हलला नाही.

मग मी म्हटलं, "ये."

आणि पानं हलायला लागली.